पंखातला हात

पेडगावच्या शिवारात बन्सीधर गरुडांचं पत्र्याचं मोठं गोदाम आहे. पूर्वी त्यात कापूस पडायचा. आता काही वर्षांपासून तिथं एक विमान तयार होतंय. छोटं, दोन माणसांचं.

बनवणारे सिद्धोधन वाव्हळे. हवाई दलात त्यांची नोकरी विमानातली यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी परदेशातून नकाशे आणि सुटे भाग मागवले आणि कामाला लागले. उडवणार मात्र त्यांची बायको. मनिषा परभणीच्या शाळेत विज्ञान शिकवते, आणि सुट्ट्यांत विमान चालवायला शिकून आली आहे.

डावा पंख पुरा झाला तेव्हा मनिषानं विचारलं, "नळी गरम होणारी बसवली ना?"

पंखाखाली पुढं तोंड काढून एक बारीक नळी असते, तिला पिटो म्हणतात. समोरून शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून विमानाचा वेग कळतो. त्या नळीत ओल शिरून गोठली, तर वेग दाखवणारा काटा खोटं बोलतो.

"साधी बसवली," सिद्धोधन म्हणाले. "परभणीत बर्फ कुठून यायला? मे महिन्यात पत्र्यावर भाकर भाजती."

"मी काय परभणीवरच घिरट्या घालू का? वर ढगात चुकून शिरले तर? वेग कळला न्हाई तर मी काय अंदाजानं उतरू?"

थोडे दिवस सिद्धोधन कुरकुरले, मग विजेवर गरम होणारी नळी मागवली. ती जाड आणि वजनदार, म्हणून तिला नवा आधार रिबिटांनी, म्हणजे पत्रे जोडायच्या बारीक खिळ्यांनी, ठोकायला हवा होता. पण पंखाचा पत्रा तर बंद झालेला. आत जायला एकच वाट, तपासणीसाठी ठेवलेली वाटोळी खिडकी. सिद्धोधनचा हात तिच्यातून मनगटाच्या पुढं जाईना. मनिषाचा गेला.

रविवारी दोघं कामाला बसले. पंख लाकडी घोडीवर उलटा ठेवलेला. मनिषानं बांगड्या, घड्याळ काढून ठेवलं, हात खिडकीतून कोपराच्या वरपर्यंत घातला आणि आतून रिबिटाच्या शेपटीवर लोखंडी ठोकळा दाबून धरला. सिद्धोधननं बाहेरून हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यानं ठोकलं. आवाजानं पत्र्याचं गोदाम दणाणून गेलं. सगळी रिबिटं नीट बसली.

"झालं. काढ हात."

मनिषानं ठोकळा सोडला आणि हात ओढला. कोपरापाशी अडकला. पुन्हा ओढला. बाही गोळा होऊन खिडकीच्या काठात रुतली होती.

"थांब, ओढू नको," सिद्धोधन म्हणाले.

पण तोवर तिनं आणखी दोनदा हिसका दिला होता आणि कोपर सुजायला लागला होता. सिद्धोधननं कातरीनं बाही कापून काढली. तरी उपयोग झाला नाही.

हातोडा थांबल्यावर बोलण्याचा आवाज ऐकून बन्सीधर आत आले.

"फौजी, मॅडमचा हात गुतलाय की!"

"तेल आणा, बन्सीधरभाऊ."

बन्सीधर घरून तेलाची बाटली घेऊन आले. खिडकीच्या काठानं तेल सोडलं. मनिषानं दात आवळून हात फिरवून पाहिला. हात फिरत होता, बाहेर येत नव्हता. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"दुखायलंय का?" सिद्धोधननं विचारलं.

"दुखत होतं. आता बोटं बधिर व्हायलीत."

सिद्धोधन उठले. भिंतीवरची पत्रा कापायची कातर आणि पोलादी पट्टी घेऊन आले. तो पंख त्यांनी अख्खा हिवाळा खपून केला होता. केसाएवढा ओरखडा पडला तर ते जेवताना बोलायचे नाहीत.

"काय करायलाव?" मनिषा म्हणाली. "कापू नका. थोडं थांबू. सूज उतरंल."

"उतरणार न्हाई."

"अहो, नकाशा तरी बघा! कुठं कापायचं ते मोजलं का?"

त्यांनी मोजलं नव्हतं. खिडकीपासून मागं, दोन आडव्या पट्ट्यांच्या मधे, जिथं पत्र्याखाली काही नाही तिथं त्यांनी बोटानं दाबून पाहिलं. तिच्या दंडाला धार लागू नये म्हणून पोलादी पट्टी मधे सरकवली, बन्सीधरांना ती घट्ट धरायला सांगितली, आणि कापायला सुरुवात केली. पत्रा कुरकुरत वळत गेला. तळहाताएवढा तुकडा वाकवल्यावर हात सुटला.

कोपर निळा पडला होता. मनिषानं बोटांची उघडझाप केली. हळूहळू मुंग्या आल्या. इतका वेळ ती रडली नव्हती. आता त्या फाटलेल्या पंखाकडं बघून तिचे डोळे भरून आले.

"माझ्याच हट्टापायी झालं."

"पत्राच हाय तो," सिद्धोधन म्हणाले. त्यांनी कातर बाजूला ठेवली. ते खालीच बसले, आणि बन्सीधरांनी दिलेलं पाणी त्यांनीच आधी प्यायलं.

दवाखान्यात हाड शाबूत निघालं. डॉक्टरांनी विचारलं, कुठं अडकला होता? मनिषा म्हणाली, विमानात. डॉक्टरांनी दोनदा विचारलं.

दुरुस्तीला बराच काळ लागला. ज्यांच्याकडून नकाशे घेतले त्यांना सिद्धोधननं फोटो पाठवले, त्यांच्या सांगण्याप्रमाणे वेडावाकडा काप चौकोनी केला, कडेनं आतून जाड पत्र्याची चौकट बसवली आणि वर स्क्रूचं झाकण केलं. आता त्यातून दोघांचेही हात जात होते. पिटोपासून आत हवा नेणारी हातभर अ‍ॅल्युमिनियमची नळी जोडली, कारण प्लास्टिकची तिथं वितळली असती. त्याच्या पुढं काट्यापर्यंत प्लास्टिकची.

मग तपासणी. मनिषानं इंजेक्शनची मोठी सिरिंज रबरी नळीनं पिटोच्या तोंडाला लावून हळूच दाबली. वेगाचा काटा वर चढला. दोघं बघत राहिले. काटा हळूहळू खाली यायला लागला.

"गळायलंय," ती म्हणाली.

एक जोड ढिला निघाला. तो आवळल्यावर काटा चढला तिथंच थांबला. सिरिंज काढून सिद्धोधननं पिटो गरम करायचं बटण दाबलं. थोड्या वेळानं, बघायला आलेल्या बन्सीधरांनी बोट ओलं करून नळीजवळ नेलं.

"हात लावू नका!" दोघं एकदमच ओरडले.

मनिषानं पाण्याचा थेंब टाकला. चर्र झालं आणि थेंब उडून गेला. सिद्धोधननं बटण बंद केलं.

"उजव्या पंखाला काही बसवायचंय का? असंल तर आत्ताच सांग. उद्या त्याचा पत्रा बंद करायलोय."

मनिषानं नकाशा ओढून घेतला आणि अजून दुखणारा कोपर टेबलावर न टेकता बारकाईनं बघायला लागली.