अठरा किलोचा मुसअब

मस्कतमध्ये पोराला मांडीवर घेऊन गाडीत बसलं तर पोलीस दंड लावतात, हे नुरुद्दीनने सुट्टीवर आल्यापासून राजपुरीच्या घराघरांत सांगून झालं होतं. लोकांनी चहा पिऊन माना डोलावल्या होत्या. गावात गाडी म्हणजे जितक्या मांड्या तितक्या जागा. त्यामुळे नातवासाठी आणलेलं बूस्टर, गाडीत पोराला उंच बसवणारी बिनपाठीची लाल बैठक, त्याने ओटीवर मांडली तेव्हा सून मेहेकला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण तिने खोक्यावरचं वाचलं. अठरा किलोच्या पुढच्या मुलांसाठी. तिचा मुसअब साडेतीन वर्षांचा, तेरा किलोचा.

सासऱ्याने वाचूनच घेतलं होतं. चूक फोनवर झाली होती. परदेशात राबणाऱ्याला घरचं पोर अशक्त असल्याचं कळवायचं नाही, हा या किनाऱ्याचा रिवाज, आणि सासू कुबरा रिवाज पाळताना हात आखडणारी नव्हे. दर जुम्म्याला ती फोनवर नातवाचं वजन थोडं थोडं वाढवी. पोर टायफॉइडने अंथरुणाला खिळलं त्या महिन्यात तिने सगळ्यात जास्त वाढवलं.

महाडच्या निकाहला निघायच्या सकाळी मेहेकने तिला स्वयंपाकघरात गाठलं. "अम्मी, पट्टा त्याच्या गळ्यावर येतोय. त्याला पाठ असलेली, स्वतःचे पट्टे असलेली सीट लागते. अब्बांना सांगा ना."

"काय सांगू? दोन वरसं खोटं बोलले म्हणून?" कुबरा म्हणाली. "खिलव त्याला नीट, भरंल."

"पाच किलो? घाट लागायच्या आत?"

"चहा निवतोय तुझा."

सासूला उघडं पाडावं तर घरात रोज तिच्याच चुलीशी गाठ, नवरा कतारला. गप्प राहावं तर पुढे घाट. मेहेक गप्प राहिली आणि मागच्या सीटवर मुसअबच्या मानेत नि पट्ट्यात आपला हात घालून बसली.

"अठरा किलोचा पठ्ठ्या," नुरुद्दीन आरशातून बघत म्हणाला, "राजासारखा बसलाय."

बंदराजवळ एक बकरी आडवी आली. ब्रेक लागला. राजा बैठकीवरून खाली घसरला आणि पट्टा वर सरकून जबड्याशी थांबला. मध्ये मेहेकची बोटं होती म्हणून तिथेच थांबला.

"दादा, परत," मुसअब हसत आजोबाला म्हणाला.

मेहेकने त्याला सोडवलं आणि ती उतरली. "आम्ही येत नाही, अब्बा."

"अगो, जरा सरकला तर काय झालं?"

"लहान आहे तो."

"अठरा किलोचं पोर लहान?"

मेहेकने सासूकडे पाहिलं. कुबरा खाडीकडे अशी बघत होती की जणू तिचीच होडी यायची होती. तेव्हा मेहेक धक्क्यावर मासळी विकणाऱ्या रतन कोळणीकडे गेली आणि तिने मासळीच्या काट्यावर मुसअबला उभा केला.

"भाव काय लावू?" रतन म्हणाली. मग मेहेकचा चेहरा बघून आकड्यांकडे वळली.

लाल आकडे हलले आणि तेरावर थांबले. नुरुद्दीन मागे येऊन उभा होता.

"मासळीचा काटा हाय," कुबरा म्हणाली. "कमीच दाखवणार."

"माझा? लोक तर जास्त दाखवतो म्हणून भांडतात," रतन म्हणाली.

नुरुद्दीनने नातवाच्या दंडाभोवती बोटं धरून पाहिली. "आजारी होता?"

"होता. टायफॉइड." कुबराचा आवाज खाली गेला. "सांगितलं असतं तर तुम्ही नोकरी टाकून आला असता. आणि आला नसता, तर तिकडं जेवला नसता."

नुरुद्दीन खाकरून सुनेला म्हणाला, "पट्ट्यांची सीट पनवेलला मिळंल ना? उद्या आणतो. आजच्या दिवस मांडीवर घे. हळू नेतो."

पहाटेपासून मेहेक ज्याला भीत होती ते हेच, मस्कतमध्ये दंड लागणारी मांडी. आता सगळं उघड झालं होतं, सासरा नरमला होता, आणि एवढं ऐकून गाडीत बसणं शहाण्या सुनेला शोभलं असतं.

"न्हाय अब्बा," ती म्हणाली. "सीट आल्यावर."

"निकाह काय थांबणार हाय काय गो?" कुबरा म्हणाली. "लोक विचारतील."

"तुम्ही दोघं जा ना."

तिने मुसअबला खांद्यावर घेतलं आणि घरची वाट धरली. मागे गाडीचं दार उघडल्याचा, मग आपटल्याचा आवाज आला. कुबरा निकाहच्या चपला फटफटवत तिच्या बरोबरीला आली. गाडी मागून पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न न वाजवता येत होती. मुसअबने गाडीकडे दोन्ही हात पसरून भोकाड पसरलं. मेहेकने त्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि चालत राहिली.