लांब बाजू, आखूड बाजू

मित्रांनो, काळ माझ्या पोटात आहे. साम्राज्यं उभी राहिली आणि मातीला मिळाली. त्या मातीचे कण आजही माझ्या कमरेतून एकेक करून खाली उतरतात, आणि माझ्या परवानगीशिवाय वर्तमानाचा भूतकाळ होत नाही.

असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. वस्तुस्थिती एवढीच की मी एक जुनं वाळूचं घड्याळ आहे आणि माझा जन्म अंडी उकडण्यासाठी झाला. एका वेळी तीन मिनिटं. त्यापुढचा काळ इतरांनी बघून घ्यावा.

मला घडवणारा काचेचा कारागीर मोठा कसबी होता. तापलेल्या काचेत तो अशी फुंकर घालायचा की काचेलाही गुदगुल्या व्हाव्यात. माझं वरचं पोट झालं, खालचं पोट झालं आणि नेमकी कमर करायच्या वेळी त्याला शिंक आली. लोकांच्या कामात माशी शिंकते. माझ्या बाबतीत खुद्द कारागीरच शिंकला. कमर जराशी तिरपी बसली. त्याने मला उजेडात धरून पाहिलं, मग आपल्याला कोणी पाहत नाही ना हे पाहिलं, आणि चांगल्या घड्याळांच्या मधोमध ठेवून दिलं.

त्या शिंकेपायी माझी वाळू एका बाजूने उतरायला तीन मिनिटं अकरा सेकंद घेते आणि उलटं केलं की दोन मिनिटं चाळीस सेकंदांत मोकळी होते. मला हे ठाऊक होतं. पण कोणी विचारलं नाही, आणि घड्याळाने स्वतःहून बोलू नये असा आमच्यात संकेत आहे.

पहिली नोकरी एका स्वयंपाकघरात. रोज सकाळी आधी वडिलांचं अंडं उकडायचं, मग मला उलटं करून आईचं. वडिलांचं व्हायचं दगड, आईचं व्हायचं पाणी.

"माझ्यावरचा राग तू अंड्यावर काढतेस," वडील म्हणायचे.

"माझं बघा आधी. हे अजून कोंबडीला परत करता येईल."

शेवटी सगळा दोष कोंबड्यांवर गेला आणि मी गेलो खणात. तिथे गाठी पडलेली सुतळी आणि एक बोथट सोलाणं यांच्या संगतीत मी बारा वर्षं काढली. दोघंही स्वभावाने चांगली होती, पण बोलण्यात धार कोणालाच नव्हती.

मधल्या काळात त्या घरची मुलगी मोठी होऊन शाळेत शिक्षिका झाली. नववीला धर्मपरिचय हा विषय ती शिकवायची. कोणत्या धर्माचे लोक काय मानतात, प्रार्थना कशी करतात, उपवास का धरतात, असा तो तास. बाईंचा या तासावर भारी जीव. त्या म्हणत, "शेजाऱ्याच्या घरात काय चालतं हे भिंतीला कान लावून कळण्यापेक्षा विचारून कळलेलं बरं."

वर्गात देवळात जाणारी मुलं होती, मशिदीत जाणारी होती, चर्चमध्ये जाणारी होती आणि सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत झोपणारीही होती. ही चाळीस जणं एकाच वेळी बोलायची. एकाने "आमच्यात" म्हणायचा अवकाश, की दहा जण "आमच्यात नाही असं!" म्हणून उभे. पलीकडच्या वर्गातले गणिताचे सर भिंतीवर डस्टर आपटायचे. भिंतीचा रंग उडाला, तास काही शांत झाला नाही.

एका सोमवारी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, गणिताच्या तासाला कोणी भांडत नाही."

"तिथे कोणाला काही म्हणायचंच नसतं, सर."

"ते असो. शुक्रवारी साहेब येतायत तपासणीला. तुमच्या तासाला बसणार आहेत. त्यांच्यासमोर हा बाजार भरला, तर पुढच्या सत्रापासून हा तास मी गणिताला देणार."

त्या संध्याकाळी बाई आईकडे गेल्या, रागारागाने पाण्याच्या ग्लासाखाली ठेवायला काहीतरी शोधत खण उघडला, आणि मी सापडलो.

मंगळवारी माझी नेमणूक झाली. नियम एकच. मला उलटं केलं की एकाने बोलायचं, आणि वाळू खाली येईपर्यंत बाकीच्यांनी ब्र काढायचा नाही. शंका असेल तर वहीत लिहायची.

मित्रांनो, अंडं काय, उकडलं की गप्प बसतं. माणसाचं तसं नाही. पहिल्या मिनिटाला ती पोरं तोंड दाबून लालबुंद झाली होती. पण दुसऱ्या मिनिटाला ऐकू लागली. मागच्या बाकावर एक उंच मुलगा बसायचा. सगळे त्याला खांब म्हणत, कारण तो छत धरून ठेवल्यासारखा उभा राहायचा आणि बोलायचाही खांबाइतकंच. त्याची पाळी आली. तो म्हणाला, "आमच्या घरी देव नाही. टीव्ही आहे." वर्ग हसला. वाळू चालूच होती, म्हणून त्याला पुढे बोलणं भाग पडलं. "पण आजी दवाखान्यात होती तेव्हा बाबा गॅलरीत उभं राहून कोणाशी तरी बोलत होते. फोन त्यांच्या खिशात होता."

त्यानंतर वाळू संपली तरी कोणी बोललं नाही. भिंतीपलीकडून गणिताचे सर डोकावून गेले. त्यांना शांतता सहन झाली नसावी.

दोन दिवस मी हवेत होतो. गुरुवारी जमिनीवर आलो.

त्या दिवशी एका मुलीने बोलायला सुरुवात केली. तिला वकीलबाई म्हणत. ती "हो" म्हणतानाही पुरावा द्यायची. तिच्यानंतर बोलला धावण्यात पहिला येणारा मुलगा. मनगटावरच्या घड्याळात तो उठता-बसता सेकंद मोजायचा, म्हणून त्याचं नाव स्टॉपवॉच. बोलून झाल्यावर तो खाली बसलाच नाही.

"बाई, अन्याय! हिला तीन मिनिटं अकरा सेकंद मिळाली. मला दोन चाळीस!"

"मग भरभर बोलायचं होतंस," वकीलबाई म्हणाली.

"म्हणजे यांच्या देवाला एकतीस सेकंद जास्त?"

झालं! कोण म्हणे मंगळवारीही असंच झालं होतं, कोण म्हणे हा कट आहे. देवांची मापं निघाली. भिंतीवर डस्टर सुरू झालं. मी मान खाली घातली असती, पण मला ज्या बाजूने पाहावं तिकडे पोटच आहे. उद्या साहेब येणार, आणि बाईंचा जीव की प्राण असलेला तास माझ्या तिरप्या कमरेपायी बुडणार.

बाईंनी मला उचललं. स्टॉपवॉचचं मनगट शेजारी धरून दोन्ही बाजूंनी मोजलं. आणि मग त्या हसायला लागल्या. टेबलाला धरून, डोळे पुसत, पुन्हा हसत. "अरे देवा! आईबाबा उगाच भांडत होते. बिचाऱ्या कोंबड्या!"

मुलांना काही कळलं नाही, पण बाई हसतायत म्हटल्यावर तीही हसली. अंड्यांची कथा सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "घड्याळ वाकडं आहे. आता न्याय कसा करायचा ते तुम्हीच सांगा."

कोणी म्हणालं नवीन आणू. स्टॉपवॉच म्हणाला माझं वापरा. सगळे थकल्यावर मागून खांब उठला. "स्वतःचं सांगायला आखूड बाजू पुरते, बाई. ते तर पाठच असतं. लांब बाजू ऐकणाऱ्याला द्या. त्याने ऐकलेलं परत सांगायचं. दुसऱ्याचं नीट सांगायला वेळ लागतो."

"आणि बरोबर सांगितलं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं," वकीलबाईने कलम जोडलं.

शुक्रवारी साहेब आले. मागच्या बाकावर मुख्याध्यापकांशेजारी बसले, गुडघे बाकात मावेनात. वकीलबाईने आखूड बाजूत आपल्या घरच्या उपवासाबद्दल सांगितलं. बाईंनी मला उलटं केलं. उभा राहिला स्टॉपवॉच.

"यांच्याकडे उपवासाच्या महिन्यात पहाटे सगळे उठतात. हिच्या धाकट्या भावाचा उपवास नसतो, तरी तो उठून जेवतो आणि शाळेत येऊन पुन्हा डबा खातो. दुपारी चारला हिच्या बाबांना फार तहान लागते. तेव्हा ते म्हणतात, आपल्याला संध्याकाळी पाणी मिळणार आहे हे माहीत तरी आहे..."

"पण मी काय म्हणतो," साहेब उठले, "या वयाच्या मुलांनी..."

"वाळू, साहेब!" चाळीस जण एका सुरात ओरडले.

मुख्याध्यापकांचा चेहरा नापासांच्या यादीसारखा झाला. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या वरच्या पोटात अजून मूठभर वाळू होती. घाई करावी तर माझ्या हातात काही नव्हतं, हातच नाहीत. साहेब हळूच खाली बसले. स्टॉपवॉचने उरलेलं शांतपणे सांगून संपवलं.

"आता बोलू का?" साहेबांनी विचारलं.

"थांबा, निकाल राहिलाय," वकीलबाई म्हणाली. "एक चूक. तहान साडेपाचला लागते, चारला नाही. बाकी आमच्या बाबांनासुद्धा इतकं नीट सांगता येत नाही."

सेकंदांच्या राजाची वेळच चुकल्याने वर्ग बाकांवर लोळला. हसू ओसरल्यावर साहेब म्हणाले, "मलाही एक आखूड बाजू द्या."

बाईंनी मला फिरवलं. साहेब सांगू लागले. लहानपणी शेजारच्या मित्राकडे ते जेवायला जात. जेवणाआधी तिथे सगळे डोळे मिटत. तेही मिटत. "दहा वर्षं मिटले. पण का मिटतात, हे मी एकदाही विचारलं नाही. आता तो मित्र कुठे आहे, हेही मला माहीत नाही."

वाळू संपली. बाईंनी मला पुन्हा उलटं केलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आता परत कोण सांगणार? सर, तुम्ही शेजारीच होतात."

मुख्याध्यापक उभे राहिले. बिचारे सगळा वेळ तपासणीच्या काळजीत होते. "साहेब म्हणाले," ते अडखळले, "की... जेवणाआधी... शिस्त महत्त्वाची."

"चूक!" साहेब स्वतःच ओरडले आणि इतके हसले की बाकात अडकले. त्यांना काढायला खांबाची मदत घ्यावी लागली. मुख्याध्यापकांपुढे मात्र अजून पावणेतीन मिनिटं शिल्लक होती. ती त्यांनी उभ्याने काढली. शेवटच्या मिनिटात तेही हसत होते.

अहवालात साहेबांनी दोन ओळी लिहिल्या. तास चालू ठेवावा. मुख्याध्यापकांनीही अधूनमधून बसावं.

मित्रांनो, तेव्हापासून मी याच टेबलावर आहे. जुन्या वस्तूंना खणात टाकू नका. वाकडी म्हणून तर मुळीच नको. आणि बोलण्यापेक्षा ऐकायला एकतीस सेकंद जास्त द्या; देवाधर्माची निम्मी भांडणं तेवढ्यात मिटतील, उरलेल्या निम्म्यांसाठी मी आहेच. मानवजातीला माझा हा संदेश आहे. त्यावर सावकाश विचार करा. तोवर कोणीतरी ती खिडकी लावून घ्या. बाहेर आठवीची पोरं चेंडू खेळतायत, आणि मी काचेचा आहे.