मागाची पेज

अंजनीच्या नडगीवर ताराबाईंनी अंगठा दाबला आणि उचलला. पडलेला खळगा लगेच भरून आला नाही. ओल्या मातीत बोट रुतावं तसा तो राहिला. मग त्यांनी तिच्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. बाळ रडत होतं. तोंड उघडं, कपाळावर आठ्या, पण आवाज नव्हता.

१९३८ सालचा उन्हाळा. कॅम्पातल्या दवाखान्याच्या डॉक्टर ताराबाई शहापुरातल्या या विणकराच्या घरी दुसऱ्यांदा आल्या होत्या. अंजनीचं पहिलं मूल असाच आवाज बसून पाळण्यात गेलं होतं.

“भात अजून रंगूनचाच?” ताराबाईंनी विचारलं.

“व्हय, मोगऱ्यावानी पांढरा,” सासू अंबूबाई म्हणाल्या. “आमच्या आज्ज्यानं भात सणालाच बघितला. आता खडेबाजारात ह्यो लई स्वस्त, रोज खातोय. रंगूनवाल्याचं भलं होवो!”

“होवो की. मागं पीक बुडालं तेव्हा त्यानंच माणसं जगवली. पण गिरणीत त्याचा कोंडा जातो, कोंड्याबरोबर सत्त्व जातं. उरलंसुरलं पेजेत उतरतं. सुनेच्या पोटात ते नाही, म्हणून दुधातही नाही. पेज कुठं जाते तुमची?”

सगळ्यांनी मागाशेजारच्या तांब्याच्या भांड्याकडे पाहिलं. भाताची निवळलेली पेज या घरात मागाची. तिचीच खळ ताण्याच्या उभ्या सुताला लागायची, अंजनीच्या सासऱ्यापासूनची रीत.

“मागाच्या तोंडचं आपण प्यायचं?” अंबूबाई म्हणाल्या.

“मागानं बाळसं धरलंय, आत्याबाई,” अंजनी हळूच म्हणाली. “माझ्या लेकरानं न्हाय.”

अंबूबाईंनी मुलाकडे पाहिलं. “सिद्राम, तू बोल की रं.”

सिद्राम ताण्यावर खळीचा कुंचा फिरवत होता. “हे लुगडं उतरू दे. म्होरल्या ताण्याला बघू,” तो म्हणाला. मागच्या खेपेलाही हेच म्हणाला होता.

ताराबाईंनी पिशवीतून काचेची छोटी कुपी काढली. मुंबईहून मागवली होती, कालच पोचली होती. त्यातलं औषध त्यांनी बाळाला टोचलं, मग अंजनीला.

“हे कुठलं म्हणायचं?” अंबूबाईंनी विचारलं.

“विलायतेकडचं. कोंड्यातलं तेच सत्त्व, तुमच्या तांदळासारखंच जहाजानं आलं.”

“म्हंजे दुखणंबी जहाजानं आन् औषधबी जहाजानं? बरा धंदा हाय!”

ताराबाई हसल्या. “यानं बाळ आज सावरेल. पण रोजचं औषध हे नव्हे. ते म्हणजे इथल्याच खानापूरचा हातसडीचा तांदूळ, पेजेसकट.”

“त्या तांबूस पेजेनं पांढरं सूत डागाळतंय, डॉक्टरीणबाई. पेठेत कोण घेईल ते लुगडं?” अंबूबाई म्हणाल्या.

औषधाचा गुण दिसेपर्यंत ताराबाई उंबऱ्याशी बसून राहिल्या. ऊन अंगणातून सरकत तुळशीपर्यंत गेलं. मग आतून आवाज आला. आधी घोगरा, फाटका. थोड्या वेळानं भरदार, शेजारणीनं डोकावावं इतका. अंजनी रडतच हसू लागली.

अंबूबाईंनी ताराबाईंना हात जोडले, मग रिकाम्या कुपीलाही. “ह्या बाटलीवाल्याचंबी भलं होवो,” त्या पुटपुटल्या.

सिद्रामनं कुंचा खाली ठेवला. हात पुसत तो भांड्यापाशी आला.

“आये,” तो म्हणाला, “आजपासनं रंगूनचा तांदूळ मागाला. मूठभर शिजवून खळ करायची. खानापूरचा आपल्याला, आन् त्याची पयली पेज अंजनीला.”