कालवडीच्या नावावरची खोड

हिर्डोशीत पोरांना बाराखडीच्या आधी एक गोष्ट शिकवतात : चिमाजीतात्याचं काही खरं मानायचं नाही. शिकवणाऱ्यांची चूक नाही. मी विकलेला एक बैल नीरेच्या पुरात उतरला तेव्हा पाणीच लाजून बाजूला झालं, हे मी शंभर वेळा सांगितलंय आणि दर वेळी नदी थोडी रुंद केलीय. चाळीस वर्षं जनावरांच्या बाजारात दलाली केली. दलालानं तोंड मिटून ठेवलं तर मुक्या जनावराची बाजू कोण मांडणार?

पण एक नेम पाळला. गुणांत थाप मारायची, खोडीत नाही. बैल लाथ मारतो, जोताला बसकण मारतो, दावं तोडतो, जे असेल ते आधी घेणाऱ्याच्या कानावर घालायचं आणि मगच सौद्याला बसायचं. म्हणून वेल्ह्यापासून शिरवळपर्यंत लोक म्हणायचे, चिमाजीच्या गोष्टीवर हसावं, पण त्यानं सांगितलेली खोड पदराला बांधावी.

तो नेम मी एकदाच मोडला. कसा, ते सांगतो.

गेल्या मार्गशीर्षात माझा पुतण्या हनुमंत मला मोटारसायकलवर बसवून शिवऱ्याला घेऊन गेला. चाकणची नोकरी सोडून तो गावी परतला होता. त्याची दोन आणि वाडीतली सहा अशी आठ पोरं रोज भोरच्या शाळेत न्यायची-आणायची, त्यासाठी त्याला जुनी गाडी घ्यायची होती. आमच्याकडे एसटी येते, पण तिच्या मनात असेल तेव्हा.

"तात्या, तुमी नुसतं संगं चला," तो म्हणाला. "बोलू नका म्हंजे झालं."

"मग मला कशाला नेतोस? बुजगावणं न्यायचं की."

"बुजगावणं मोटारसायकलवर बसत न्हाई."

शिवऱ्याला हायवेच्या कडेला जुन्या गाड्यांचा अड्डा आहे. तिथला स्वरूप नावाचा तरणा व्यापारी बरा बोलणारा होता. त्यानं एक पांढरी, सात-आठ जण मावतील अशी गाडी दाखवली. मी सवयीनं तिच्या भोवती फिरलो, टायरला लाथ मारली, खाली वाकून बघितलं. तिला दात असते तर तेही बघितले असते.

"बाबा, बघायची गरजच नाही," स्वरूप हसला आणि त्यानं मोबाईल पुढं केला. "हा गाडीचा रिपोर्ट. नंबर टाकला की जन्मापासूनची कुंडली येते. मालक दोन. कर्ज नाही. विम्याचा क्लेम एकही नाही. आणि हे बघा, अपघात : नोंद नाही."

हनुमंतानं ती ओळ दोनदा वाचली. त्याचा चेहरा उजळला. "ह्याला म्हनत्यात येव्हार," तो मला म्हणाला. "तुमच्या टायमाला व्हतं का असलं?"

"आमच्या वेळेला बैलच तोंडानं सांगायचा," मी म्हणालो.

स्वरूप हसला, हनुमंतानं मला डोळ्यांनी दटावलं. मग चालवून बघायला आम्ही तिघं गाडीत बसलो. हनुमंत चालवायला, मी त्याच्या डाव्या हाताला, स्वरूप मागं. सर्व्हिस रोड सरळ होता. थोडा वेग घेतल्यावर हनुमंतानं चाकावरची पकड जरा सैल केली, तशी गाडी हळूच डावीकडे ओढू लागली, आणि माझ्या गुडघ्यापुढच्या कप्प्यातून बारीक आवाज आला. घुंगराचा.

मी पुढं वाकून कप्प्याला कान लावला.

"चाकात हवा कमी असंल," हनुमंत म्हणाला.

"गाडी थांबव."

"का वो?"

"हनुमंता, थांबव म्हणतो ना. ही गाडी घ्यायची नाही. हिचा अपघात झालाय."

त्यानं गाडी कडेला घेतली. "तात्या, आजच्या दिस तरी थाप नको. रिपोर्ट म्या सोता वाचलाय."

"समोरच्या कप्प्यात हात घाल. वरच्या अंगाला, डाव्या कोपऱ्यात. तांब्याच्या तारेनं बांधलेलं घुंगरू लागेल. आपल्या ढवळ्याच्या गळ्यातलं."

त्यानं हात घातला. चाचपडला. घुंगरू वाजलं. हनुमंतानं हात बाहेर काढला नाही, तसाच माझ्याकडे बघत राहिला. ढवळ्या बैल त्याला आठवत होता. घुंगरू कुणी बांधलं असेल, हेही त्याच्या ध्यानात आलं असावं.

सावळ्यानं. माझ्या पोरानं.

सहा वर्षांपूर्वी सावळा शेजारच्या वाडीतल्या एका माणसाची ही गाडी चालवायचा. तिचा नंबर मी कधी वाचला नव्हता. बैलाचा कोण नंबर वाचतो? त्या दिवशी पहाटे भोरहून आम्ही दोघंच परत येत होतो. धुकं होतं. त्याला झोप येऊ नये म्हणून मी एक गोष्ट रचायला घेतली. एक बैल एसटीत चढतो आणि कंडक्टरकडे अर्धं तिकीट मागतो. सावळा हसायला लागला. हसता हसता त्यानं मान माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "तात्या, मग कंडक्टर काय म्हनला?"

वळण पुढंच होतं. गाडी डाव्या अंगाला खाली गेली आणि हिरड्याच्या झाडाला अडली. मला खरचटलं. त्याला मालकाच्या दुसऱ्या गाडीतून भोरला नेता नेता वाटेतच सगळं संपलं.

अपघात झाल्यावर सगळ्यांत आधी हा मालकच धावत आला होता. तो म्हणाला, "चिमाजीबाबा, गाडीचं नाव निघालं तर पोलीस, विमा, सगळं लागंल. गुन्हा तुमच्या पोराच्याच नावावर पडंल. तुमी काय सांगायचं ते सांगा, गाडी मधी नको." लोक उठायच्या आत त्यानं ट्रॅक्टर लावून गाडी ओढून नेली.

लोकांना वाटेल त्यानं मला गळ घातली. तसं नव्हतं. मलाच ते हवं होतं. गाडी मधे नसली की ती वळणावरून कशी गेली, हे मला कुणी विचारणार नव्हतं. दवाखान्यात, गावात, घरात मी एकच सांगितलं : गाडी मालकाच्या दारात लावून पायवाटेनं येत होतो, आमची कालवड कड्याला चढलेली दिसली, सावळा तिला हुसकायला गेला, तिनं ढुशी दिली आणि तो खाली गेला.

माझी ही एकच गोष्ट सगळ्यांना पटली.

हे सगळं मी त्या गाडीत बसून सांगितलं. स्वरूप मागच्या सीटवरून पुढं वाकला. म्हणाला, "बाबा, मीपण हाच रिपोर्ट बघून गाडी घेतली. तो तरी काय करेल? कुणी क्लेम केला, कुणी पोलिसात गेलं, तर त्याला कळणार. तुम्ही आता सांगताय ते लिहायला त्यात जागाच नाही."

"तुम्ही तरी सांगा गिऱ्हाइकाला."

"सांगेन," तो म्हणाला. त्यानं सांगितलंही असेल. आठवड्यानं त्याचा हनुमंताला फोन आला, गाडी साताऱ्याकडे गेली. घेणाऱ्याला त्यानं म्हाताऱ्याचं सगळं ऐकवलं होतं म्हणे. घेणाऱ्यानं विचारलं, रिपोर्टात आहे का?

परतताना किकवीला चहाला थांबलो. हनुमंत कपाकडे बघत म्हणाला, "काकूला तुमी सांगताय का म्या सांगू?"

"मी सांगतो."

"आजच सांगा. तुमी उद्यावर टाकलं का त्याची गोष्ट व्हती."

घरी आलो तेव्हा माझी बायको फुलाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. मी उंबऱ्यावर बसलो आणि सांगितलं. या खेपेला नदी रुंद केली नाही. तिचं सूप मधेच थांबलं, मग पुन्हा हलायला लागलं, मग पुन्हा थांबलं.

तिनं विचारलं, "हसत व्हता का त्यो?"

"व्हय."

"मग कंडक्टर काय म्हनला?"

मी खाली बघितलं. "मी अजून रचलं नव्हतं."

तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता रडेल, शिव्या देईल, घरातून जा म्हणेल. ती उठून गोठ्यात गेली. जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत, ते घरीच ठेवायचं, अशी आमच्यात रीत आहे. खुंटीवर कालवडीचं जुनं दावं तसंच टांगलेलं होतं. ते हातात घेऊन ती बाहेर आली.

"आन हिचं काय?" ती म्हणाली.

ती कालवड फुलाबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. तिची आई वेतातच गेलेली. सावळा गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती हंबरत दारात आली, तर फुलाबाईनं तिला लाकूड फेकून मारलं. "हिला माझ्या डोळ्याम्होरनं न्या," एवढंच म्हणाली. मी ती वेल्ह्याकडच्या कोंडिबाला विकली. माळावर शेरडं-गुरं राखणारा सरळ माणूस. नेमाप्रमाणे त्याच्या कानावर खोडही घातली. "मारकी आहे," म्हणालो. "माणूस घेतलंय हिनं."

"मला तिच्याकडं न्या," फुलाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून आम्ही वेल्ह्याला उतरलो आणि तिथून माळापर्यंत चालत गेलो. तिनं दावं पिशवीत घेतलं होतं.

कोंडिबानं लांबूनच ओळखलं. "या, या, दलालबुवा. कुणाचा बैल उडवत आनलाय आज?"

"गाय बघायला आलोय."

गाय गोठ्याच्या पार टोकाला, बाकीच्या गुरांपासून वेगळी बांधली होती. अंगानं बरी होती. चार वेतं झाली होती. पण गळ्यात दोन दावी होती, दोन बाजूंच्या दोन खुंट्यांना ताणून बांधलेली. मानेवरचे केस घासून गेले होते आणि तिथं काळा घट्टा पडला होता.

"दोन दावी कशाला?" फुलाबाईनं विचारलं.

"मारकी हाय न्हवं," कोंडिबा म्हणाला. "पोरांना जवळ फिरकू देत न्हाई. धारबी म्याच काढतो, तीबी पाय बांधून. चरायला सोडत न्हाई, जाग्यावरच टाकतो वैरन."

"कदी मारलं कुनाला?"

"खरं सांगू का, वैनी? सा वर्सांत एकदाबी शिंग उगारलं न्हाई. पर चिमाजीबाबानं खोड सांगितलेली. ह्यो मानूस बाकी कायबी बोलंल, खोडीत खोटं बोलत न्हाई."

मी म्हणालो, "कोंडिबा, खोड नव्हती. ती त्या दिवशी कड्यावर नव्हतीच. पोरगं गाडीत गेलं, माझ्यामुळं. मी खोटं बोललो."

कोंडिबानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला हसू फुटलं. "बघा वैनी, कशी रंगवतोय. आता म्हनंल गाय परत द्या."

तो हसत हसत चहाला सांगायला घराकडे गेला. फुलाबाई गोठ्यात शिरली. तिनं आधी एक दावं सोडलं, मग दुसरं. बोटं चालेनात तेव्हा दातांनी गाठ ओढली. पिशवीतलं जुनं दावं काढून तिनं गाईच्या गळ्यात घालायला बघितलं, पण ते कालवडीच्या मापाचं होतं, पुरलं नाही.

ते तिनं खांद्यावर टाकलं आणि गाईच्या कपाळाला हात लावायला गेली. पूर्वी लावायची तसा.

गाय मागं सरली. भिंतीला पाठ लागेपर्यंत सरली आणि तिथं उभी राहिली. गळा मोकळा होता तरी पुढं आली नाही. फुलाबाईनं हात तसाच पुढं धरला होता. कोंडिबाची बायको चहा घेऊन आली, चहा निवला, तरी तिनं हात खाली घेतला नाही.