दुसऱ्याने बांधलेली दांडी

शुक्रवारी संध्याकाळी खुंटा लाकडाच्या वखारीतून घरी आला, तेव्हा चहाचा कप उचलायचंही त्राण त्याच्या अंगात उरलं नव्हतं. तरी काम चुकणार नव्हतं. सकाळीच भिजत घातलेली चामड्याची वादी बादलीत वाट बघत होती आणि मेहुण्याचा भाला भिंतीला टेकून उभा होता. रविवारी रानडुकरांच्या मागे जायचं होतं.

खुंटा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. वीस वर्षांपूर्वी अंगावर धावून आलेल्या डुकरासमोर तो जमिनीत ठोकल्यासारखा उभा राहिला, आणि त्या दिवसापासून घरच्यांशिवाय सगळे त्याला खुंटाच म्हणू लागले. वस्तीच्या कडेला बटाट्याचे मळे, त्यापुढे शाळेचं मैदान आणि मागे दाट झुडपांचा पट्टा. डुकरं त्या पट्ट्यातून येत, एका फेरीत अर्धा मळा नांगरून टाकत आणि निवांत परत जात. घरं इतकी जवळ, की बंदुकीला मनाई. मग राहिले भाले आणि ते धरणारी सहा माणसं. त्यांची म्होरकी होती शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीणबाई. तिच्या शिट्टीला कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहत.

डुकराच्या भाल्याला पात्याच्या मागे वीतभर अंतरावर एक आडवी दांडी असते. ती नुसती शोभेची नसते. रानडुक्कर भाला घुसला म्हणून थांबत नाही. ते भाल्याच्या लांब दांड्यावरून तसंच पुढे रेटत माणसापर्यंत पोचतं आणि सुळ्याने मांडी फाडतं. त्याला अडवते ती ही आडवी दांडी. ती ओल्या वादीने करकचून बांधायची आणि दोन दिवस वाळू द्यायची. वादी वाळताना आवळते आणि दांडी लाकडात रुतून बसते. पण बांधतानाच ढिली राहिली, तर वाळूनही ढिलीच राहते.

आणि या मंडळींचा एक नियम होता, बापजाद्यांपासूनचा. आपल्या भाल्याची दांडी आपण बांधायची नाही. जोडीदाराची आपण बांधायची, आपली त्याने. स्वतःच्या जिवाच्या बाबतीत माणूस चालढकल करतो, दुसऱ्याचा जीव हातात दिला की डोळ्यांत तेल घालून काम करतो, असा त्यामागचा हिशेब. खुंट्याचा जोडीदार त्याचा मेहुणा, बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. तो पोस्टमन होता. दिवसभर सायकल हाणूनही त्याची बडबड थांबत नसे.

खुंट्याने वादी गुंडाळली आणि ओढली. उजव्या हाताची बोटं मिटली, पण त्यांत जोर आला नाही. त्याने दात लावून ओढलं. गुडघ्यात दांडा धरून ओढलं. शेवटी कपाळावरचा घाम पुसून त्याने गाठ मारली आणि अंगठ्याने दांडी हलवून पाहिली. दांडी हलत होती. फार नाही, नखभर. पण हलत होती.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. वर्षभर हेच चाललं होतं. वखारीत तो ओंडके उचलायचं सोडून मोजमापाच्या कामाला लागला होता, वय झालं म्हणून, असं सांगून. घरी बायको हल्ली डब्यांची झाकणं नुसती टेकवून ठेवायची. तिने कधी विचारलं नाही आणि त्यानेही कधी सांगितलं नाही. दोघंही मूग गिळून बसलेले. पण डबा वेगळा आणि भाला वेगळा. प्रत्येक शिकारीच्या आदल्या दोन रात्री तो कूस बदलत काढायचा, आणि मेहुणा धडधाकट परत आला की देवाला हात जोडायचा आणि पुढच्या वेळेपर्यंत विषय मिटवून टाकायचा. माणूस वाईट नव्हता. नुसता भित्रा होता, आणि डुकराला न भिणाऱ्या माणसाचा भित्रेपणा कुणाच्या ध्यानात येत नाही.

सांगायचं म्हणजे एकच वाक्य होतं. ज्याच्याने होत नाही त्याने ते आपल्या तोंडाने सांगायचं आणि बाजूला व्हायचं, हाही नियमच होता. दुसऱ्याने कुणाला थांब म्हणायचं नाही. पण ते वाक्य बोलल्यावर उरतो तो कोण? वखारीत फूटपट्टी घेऊन फिरणारा म्हातारा. मग त्याला खुंटा तरी कशाला म्हणायचं?

"झालं का बांधून?" बायकोने आतून विचारलं.

"झालं," तो म्हणाला. शनिवारी मेहुणा नेहमीसारखा आला आणि शीळ घालत आपला भाला घेऊन गेला.

रविवारी उजाडताच सगळे शाळेच्या कुंपणापाशी जमले. तिघांनी पत्र्याचे डबे बडवत, कुत्री घेऊन झुडपांत शिरायचं आणि तिघांनी भाले घेऊन वाटा अडवायच्या. मधली वाट, गोदामाची भिंत आणि सांडपाण्याचा नाला यांच्यामधली, खुंट्याची. डावीकडची मेहुण्याची, उजवीकडची मास्तरीणबाईची.

"दाजी, चेहरा असा का उतरलाय? ताईने चहा दिला नाही वाटतं," मेहुणा म्हणाला.

खुंट्याला त्याच्याकडे बघवेना. हा पोरगा लग्नात त्याचे जोडे लपवायला आला होता आणि सापडल्यावर त्याच्याच मांडीवर बसून जेवला होता. आता त्याला दोन मुली होत्या. खुंट्याने एकदम हात पुढे केला.

"तुझा भाला दे. आज माझा तू घे."

"का हो?"

"माझा दांडा जड वाटतोय. देतोस की नाही?"

मेहुण्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग भाला पुढे केला. भाले बदलले गेले. खुंट्याने दांडी हलवून पाहिली नाही. पाहायची हिंमतच नव्हती. व्हायचं ते आपल्याला होऊ दे, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला जरा हलकं वाटलं.

शिट्टी वाजली. डबे खडखडू लागले. पहिल्यांदा दोन पिल्लं नाल्यातून पळाली, त्यांना सोडून दिलं. मग झुडपं नुसती थरथरली आणि एक थोराड नर बाहेर आला. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि सरळ मधली वाट धरली.

खुंट्याने भाल्याचं बूड पायाखाली दाबलं आणि पातं खाली झुकवलं. शरीराला सगळं पाठ होतं. डुक्कर आदळलं, दांड्याला दणका बसला आणि तो त्याच्या खांद्यातून थेट दातांपर्यंत गेला. आता दांडी सुटणार. आता हे वर चढणार. त्याने डोळे मिटले नाहीत, पण बायकोला काय सांगायचं राहून गेलं ते मात्र आठवलं.

दांडी सुटली नाही. डुक्कर फुरफुरत रेटत होतं, मातीत खुर रुतवत होतं आणि दांडी त्याला तिथेच थोपवून धरत होती. सुटला तो खुंट्याचा हात. उजव्या हाताची बोटं आपोआप उघडली, दांडा एका बाजूला कलला आणि डुकराचं तोंड त्याच्या गुडघ्याकडे वळलं. तेवढ्यात डावीकडून मेहुणा धावत आला आणि त्याने हातातला भाला डुकराच्या खांद्यामागे सगळ्या अंगाच्या जोराने घातला. जनावर गुडघ्यांवर बसलं, मग आडवं झालं. खुंटाही तिथेच मातीत बसला.

मेहुणा धापा टाकत शेजारी बसला.

खुंट्याची नजर भाल्यावर गेली. पात्यामागे वादी घट्ट, गुळगुळीत, काळी पडेपर्यंत आवळलेली. पण तिचे वेढे उलटे होते. त्याने स्वतः आयुष्यात असे वेढे घातले नव्हते. असे वेढे डावखुरा माणूस घालतो, आणि या सहा जणांत डावखुरा एकच होता.

"हे तू बांधलंस," तो म्हणाला.

मेहुण्याने होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"वर्ष झालं, दाजी. घरी नेलं की तुमची गाठ सोडायची आणि परत भिजवून बांधायची. एका दिवसात नीट वाळत नाही, म्हणून चुलीशेजारी ठेवतो."

खुंट्याच्या डोळ्यांसमोर त्या सगळ्या रात्री आल्या. त्याला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. "मी इकडे झोपत नव्हतो! तुझ्या पोरींची तोंडं दिसायची मला. एका शब्दाने बोलला असतास तर?"

"मी कसं बोलणार? ते तुम्ही बोलायचं असतं." मेहुण्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "दर वेळी वाटायचं, आज दाजी सांगतील. दर वेळी तुम्ही भाला हातात द्यायचात आणि म्हणायचात, घट्ट आहे, काळजी करू नको. आणि मी म्हणायचो, तुम्ही असताना कसली काळजी. मलाही कंटाळा आला हो, दाजी. डुकरांचा नाही. याचा."

हा बडबड्या माणूस वर्षभर आपल्याशी खोटं बोलत होता, ते आपल्यामुळे. आपण त्याच्या जिवाशी खेळत होतो आणि तो आपली अब्रू सांभाळत होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्यावर त्याला मान वर करवेना.

डबे बडवणारे तिघं झुडपांतून बाहेर आले. मास्तरीणबाई भाला टेकत आली, तिने डुकराकडे बघितलं, मग खुंट्याच्या गुडघ्याकडे.

"लागलं का?"

"नाही."

"मग उठ."

मेहुण्याने हात दिला. खुंट्याने तो डाव्या हाताने धरला आणि उठला. सगळे समोरच उभे होते. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"माझ्या हातात जोर राहिला नाही," तो म्हणाला. "पुढच्या वेळेपासून मधल्या वाटेवर दुसरं कुणीतरी उभं करा."

आणि तो थांबला. कुणीतरी म्हणेल, अरे, असं काय बोलतोस, अजून दहा वर्षं उभा राहशील. निदान एक जण तरी म्हणेल. वीस वर्षांत एवढं तरी कमावलं असेल.

कुणीच काही म्हणालं नाही. एकाने फक्त सुटकेचा श्वास सोडला आणि तो ऐकू गेला म्हणून खाली बघितलं. मास्तरीणबाईने मान हलवली.

"बरं," ती म्हणाली. "चला, चौघं लागतील उचलायला."

खुंटा पुढे झाला, तर त्याच्या आधीच चार जण वाकले होते.