भिंतीवरच्या पेटीचे पैसे

'तीन चात्या' कॅफेच्या भिंतीवर एक हिरवी लोखंडी पेटी होती, नंबर घातलेल्या फटींची. दर शनिवारी ज्याने त्याने आपापल्या फटीत पैसे टाकायचे, जो चुकेल त्याने दंड भरायचा, आणि डिसेंबरात ज्याचे त्याला वाटून झाले की दंडाच्या पैशांत सगळ्यांनी मिळून आलुबुखारे घालून शिजवलेला ससा खायचा. नवऱ्याने उरलेला पगार बिअरमध्ये घालवला तरी फटीत गेलेला पैसा वाचतो, म्हणून सूतगिरणीच्या वस्तीतल्या बायकांचा पाद्र्यापेक्षा या पेटीवर जास्त विश्वास होता.

पेटीची किल्ली मालकीण ओडेटकडे असे. आजवर ती पैसे बिस्किटांच्या डब्यात घालून पलंगाखाली ठेवायची. पण यंदा चौकातल्या कॅफेत चोरी झाली, आणि सगळ्यांनी हात वर करून ठरवले की पैसे बँकेत ठेवावेत. पेटीच्या नावाने खाते उघडायचे तर सभा घ्या, सह्या गोळा करा, शिक्के मारा. एवढ्या भानगडीत कोण पडतो? ओडेटने सरळ कॅफेच्या खात्यात भरणा केला.

ही झाली आगीतून फुफाट्यात उडी. तिचा नवरा रेमी कधीकाळी भावाच्या ट्रकच्या कर्जाला याच बँकेत जामीन राहिला होता. ट्रक भंगारात गेला, भाऊ स्पेनला पळाला, रेमी वारला, आणि कॅफेबरोबर ते कर्जही ओडेटच्या गळ्यात आले. इतकी वर्षे बँक गप्प होती, कारण कॅफेच्या खात्यात घेण्यासारखे काही नसायचेच. यंदा होते. वाटपाआधी ओडेट पैसे काढायला गेली, तर खाते रिकामे.

"कायद्याने बँकेला हक्क आहे, बाई," मॅनेजर देबाकर साहेब म्हणाले. "खातं तुमचं, कर्जही तुमचं. आम्ही फक्त वजावट केली."

"अहो, पण पैसे माझे नाहीत! चाळीस घरांचे आहेत. अख्ख्या गावाला माहितीये."

"गावाला असेल. कागदावर तुमचंच नाव आहे."

"माझ्याकडे मागायचे होते ना, मग! मी नाही म्हटलं असतं, तर कोर्टात खेचायचं. हे असं गुपचूप हात घालणं म्हणजे... त्या चोरानं निदान खिडकी तरी फोडली हो!"

देबाकर साहेबांनी पेनाचे टोपण लावले. भेट संपली होती.

त्या संध्याकाळी सगळ्यांना सांगताना ओडेटला मेल्याहून मेल्यासारखे झाले. रेमी गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. बिलियर्डचे टेबल विकून जमेल तेवढे फेडीन, असे ती म्हणाली. मग शेजारची ब्लाँदिन, जिने नव्या कवळीसाठी वर्षभर पैसे टाकले होते, ती बोळक्या तोंडाने कडाडली, "टेबल विकलंस तर तुझं तोंड बघणार नाही मी! खाल्लं कुणी आणि भरणार कोण?"

"आणि मी खेळू कुठं, तुमच्या डोक्यावर?" म्हातारा गास्तों म्हणाला. "मालकीणबाई, डोळे पुसा आणि बिअर भरा. तहानेनं मेलो तर तुमच्यावरच येईल."

ओडेटने डोळे पुसले, बिअर भरली, आणि ग्लास त्याच्यापुढे ठेवता ठेवता तिच्या मनात आले ते तिने विचारले.

"गास्तों, तुमची पेन्शन कुठं जमा होते हो?"

"त्याच बँकेत. इथं दुसरी आहे कुठं?"

"ब्लाँदिन, तुझी?"

"तिथंच की." ब्लाँदिनच्या चेहऱ्यावर हळूहळू बोळके हसू पसरले. "अगं बाई!"

शनिवारी सकाळी बँक उघडली तेव्हा रांग पार बेकरीपर्यंत गेली होती. सगळे चर्चचे कपडे घालून आले होते. ओडेट रांगेत नव्हती. तिच्या खात्यात होतेच काय? ती दाराशी उभी राहून थर्मासमधली कॉफी वाटत होती. पहिल्याने खाते बंद करून सगळी रोकड मागितली. दुसऱ्याने तेच, तिसरीनेही तेच. पाचव्याच्या वेळी कॅशिअर पोरगी उठून आत गेली. रांगेत पेटीशी काही संबंध नसलेला खाटीकही येऊन उभा होता, आणि त्याचे खाते लहान नव्हते.

देबाकर साहेबांनी ओडेटला आत बोलावले. घसा खाकरून म्हणाले, की बँकेने फेरविचार केला आहे, सद्भावना म्हणून. पेटीची सगळी रक्कम परत. जुन्या कर्जाचे सावकाश, हप्त्याहप्त्याने बघू.

"हप्ते भरीन," ओडेट म्हणाली. "रेमीची सही होती, मी नाकारत नाही. पण भरीन ते बिअर विकून." साहेबांनी पुढे ठेवलेली पाकिटे उघडून तिने नोटा मोजल्या. साहेबांना घाम फुटेपर्यंत सावकाश मोजल्या, आणि पिशवीत टाकल्या. इतक्या वर्षांत या खोलीत ती पहिल्यांदाच ताठ बसली होती.

"तर मग," साहेबांनी हसण्याचा प्रयत्न केला, "आता त्या लोकांना घरी जायला सांगा."

ओडेट उठली. "मी कोण सांगणार, साहेब? पैसे त्यांचे आहेत."

तिने दार उघडले. काउंटरवर ब्लाँदिनचा नंबर लागला होता. ओडेटने पिशवी उंच धरून सगळ्यांना दाखवली. रांगेत टोप्या उडाल्या, कोणीतरी शिट्टी मारली. पण रांगेतला एकही माणूस हलला नाही.

ब्लाँदिनने पिशवीकडे पाहिले, मान डोलावली, आणि पुन्हा काउंटरकडे तोंड केले.

"हां, तर पोरी," ती म्हणाली, "सगळे दे. सुट्टेसुद्धा."