ती काच मी फोडली नाही

मित्रांनो, मी एक जुना पेन आहे. अंगठ्याएवढा जाड, काळपट, खिशाला अडकवायची पट्टी थोडी वाकलेली. पहिल्यांदा पाहणारा माणूस मला मोठा स्क्रू समजतो. माझ्याबद्दल कुठे काही चांगले ऐकले असेल, तर ते क्षणभर बाजूला ठेवा. माझी खरी हकीकत ऐका, आणि मग काय ते ठरवा.

एका लहानशा कारखान्यात लेथ मशीनवर माझा जन्म झाला. अखंड धातूच्या कांबीतून मला कातले, आत रिफिल बसवली, वर फिरकीचे टोपण चढवले. मागच्या टोकाला एक मणी ठोकून बसवला. मोहरीच्या दाण्याएवढा, पण काचेहून कठीण. गाडीत कोणी अडकले तर या मण्याने काच फुटते, असे माझ्या डबीवर छापले होते. छापले होते म्हणून मलाही ते खरे वाटले. मी स्वतः तोवर साधी काचेची बरणीसुद्धा फोडलेली नव्हती.

मला विकत घेतले ते मास्तरांनी. मास्तर गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या शाळेत एक छोटी गाडी, एक टेबल आणि भिंतीवर रस्त्यांवरच्या खुणांचा तक्ता, एवढाच संसार. खिशात रोज बाळगता येईल आणि अडीअडचणीला हत्यार म्हणून कामी येईल, असा पेन त्यांना हवा होता. कागदपेनांच्या दुकानात त्यांनी सगळे पेन काउंटरवर मांडायला लावले. एकाचे टोपण पायाखाली दाबून पाहिले, ते चिरले. दुसरा इतका टोकदार होता, की कुठल्याही दारावरच्या पहारेकऱ्याने तो काढून घेतला असता. तिसऱ्याची रिफिल फक्त त्याच कंपनीची चालत होती. मला भिंतीवर उलटे धरले तरी मी लिहीत होतो आणि माझी रिफिल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळत होती. तासाभराने ते माझ्यावर येऊन थांबले. त्यांची बायको सोबत होती. "मला पसंत करायला तुम्हाला एवढा वेळ लागला नव्हता," असे ती म्हणाली, आणि दुकानदार काउंटरखाली वाकून हसला.

सुरुवातीची वर्षे मोठ्या मानाची गेली. नवा विद्यार्थी आला की मास्तर मला खिशातून काढून टेबलावर ठेवत. गाडी चालवायला सगळेच शिकतात, पण अडकले तर बाहेर पडायला कोण शिकते, असे विचारत. मग मला उचलून हवेत एक ठोसा मारत. विद्यार्थी माना डोलावत. मीही फुगून जात असे. पण तो ठोसा नेहमी हवेतच राहिला. खऱ्या काचेवर मला कधी कोणी टेकवलेसुद्धा नाही.

उलट बाकीची सगळी कामे माझ्याकडून करून घेतली. रंगाचे डबे उघडायला मी, नंबरप्लेटमागचा चिखल खरवडायला मी, न मिटणाऱ्या खिडकीला पाचर म्हणूनही मीच. एकदा चाकाचा गंजलेला नट हलेना, म्हणून मास्तरांनी माझे मागचे टोक त्यावर ठोकले. तेव्हा माझा मणी निखळला आणि घरंगळत गटारात गेला. नट हलला, म्हणून मास्तर खुशीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, आणि मला तर तोंड नाही. कोणी लिहील तेवढेच मी बोलणार.

त्यानंतरही तो हवेतला ठोसा चालू राहिला. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांतले कौतुक पाहिले, की आत पोकळ भोक घेऊन मिरवण्याची मला लाज वाटे.

त्या सुमारास काकू शिकायला आल्या. त्या शिवणकाम करत. नवऱ्याची नजर अधू झाली होती, त्याला दवाखान्यात न्यायचे तर दरवेळी कोणाचे तरी तोंड पाहावे लागे, म्हणून पन्नाशी उलटल्यावर त्यांनी स्टिअरिंग हाती धरले होते. त्या इतक्या हळू चालवत, की मास्तरांनी त्यांचे नाव गोगलगाय ठेवले. हे नाव ते त्यांच्या तोंडावर घेत आणि बाकीचे विद्यार्थी हसत. काकू मात्र शांतपणे म्हणत, की गोगलगाय कधी कोणाच्या अंगावर गेल्याचे ऐकले नाही.

एका कडक उन्हाच्या दुपारी काकू गाडी चालवत होत्या. औषधांच्या दुकानापुढे गर्दी दिसली, म्हणून मास्तरांनी गाडी थांबवायला सांगितली. भिंतीला खेटून एक गाडी उभी होती. मागच्या सीटवर दीड-दोन वर्षांची मुलगी पट्ट्यात बांधलेली होती. तिची आई औषधे घेऊन सामानाच्या कप्प्यात पिशवी ठेवत होती, तेवढ्यात किल्ली आत राहिली आणि सगळी दारे बंद झाली. मुलगी आधी रडत होती. आम्ही पोचलो तेव्हा तिचे रडणे थांबले होते, आणि त्यानेच तिच्या आईच्या तोंडचे पाणी पळाले होते.

मास्तरांनी लोकांना बाजूला केले. माझ्याकडे पेन आहे, असे त्यांनी मोठ्याने सांगितले आणि मला मुठीत घट्ट धरले. शेजारची काच फोडली तर तुकडे लेकराच्या अंगावर उडतील, म्हणून ते समोरच्या मोठ्या काचेवर तुटून पडले. मित्रांनो, समोरच्या काचेच्या पोटात चिवट पडदा असतो. ती तडकते, पण सहजी निखळत नाही. आणि माझ्याकडे तर तिला तडा देण्याइतकाही मणी उरला नव्हता. मी नुसता घसरत होतो. एक ओरखडा, दुसरा ओरखडा. लोक श्वास रोखून माझ्याकडे पाहत होते, आणि माझ्याने काहीच होत नव्हते. तेव्हाच कोणी मला भट्टीत टाकले असते, तर बरे झाले असते.

त्याच वेळी पलीकडून धप्प असा आवाज आला. काकू भिंत आणि गाडी यांमधल्या चिंचोळ्या जागेत शिरल्या होत्या. मुलीपासून सर्वांत लांबची, चालकाच्या बाजूची काच त्यांनी निवडली होती. आमच्या गाडीत उतारावर चाकाखाली लावायचा एक दगड असे, तो त्यांच्या हातात होता. त्या मारत राहिल्या. काच एकदम खडीसाखरेसारखी विखुरली. त्यांनी आत हात घालून कुलपाचे बटण दाबले. खटकन दारे उघडली. मास्तर समोरून धावत मागच्या दाराशी आले. त्यांनी पट्टा सोडवून मुलीला बाहेर काढले. बाहेरची हवा लागली, कोणीतरी तोंडावर पाणी फिरवले, आणि ती रडू लागली.

गर्दी सगळी आमच्या बाजूला होती. लोकांना दिसले ते एवढेच: मास्तरांच्या एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात मी. कोणी फोटो काढला. कोणी टाळ्या वाजवल्या. मुलीच्या आईने मास्तरांचा हात धरून कपाळाला लावला, आणि त्या हातात मी होतो. तिचे अश्रू माझ्या अंगावर पडले. पलीकडे काकू आपल्या रक्ताळलेल्या हाताला ओढणी गुंडाळत होत्या.

मास्तर वाईट नव्हते. ते सांगणारच होते. पण पहिल्या दिवशी सांगायचे राहून गेले, दुसऱ्या दिवशी सांगवेना, आणि तिसऱ्या दिवशी तो फोटो शाळेच्या भिंतीवर लागला. बायकोने विचारले, की काकूंच्या हाताला काय झाले. काच लागली, असे मास्तर म्हणाले. ते खोटे नव्हते, म्हणूनच जास्त टोचले. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

काकू शिकायला येईनाशा झाल्या. त्यांच्या उजव्या हाताला टाके पडले होते आणि कात्री धरवत नव्हती. मास्तर दुसऱ्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांच्याच गल्लीतून जात. दार जवळ आले, की ते खिशावर, म्हणजे माझ्यावर, हात ठेवून दुसरीकडे पाहत.

पुढे एक दिवस त्या कागदपेनांच्या दुकानदाराचा निरोप आला. त्याने तोच फोटो काउंटरवर लावला होता आणि माझ्या जातीचे पेन हातोहात खपत होते. मास्तर गेले, तर तिथे त्या मुलीचा बाप उभा होता. तो बेकरीत कामाला होता, बाह्यांना अजून पीठ होते. त्याला दोन पेन हवे होते, एक बायकोला आणि एक भावाला. दुकानदाराने मास्तरांना सांगितले, की तुम्हीच पारखून द्या.

मास्तरांनी एक नवा पेन उचलला आणि ताडून पाहायला मला खिशातून काढले. त्या वेळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी माझे मागचे टोक डोळ्यांपुढे धरले. नव्या पेनाच्या टोकाला मणी चमकत होता. माझ्या टोकाला काळे भोक होते. मास्तरांनी त्या भोकावर अंगठा फिरवला. मग त्यांनी मला काउंटरवर ठेवले.

"या पेनानं तुमची मुलगी वाचवली नाही," ते म्हणाले. "याचं टोक कधीचं गेलंय, ते मला आत्ता कळतंय. आणि मी मारत होतो ती काचही चुकीची होती."

दुकानदाराचा हात फोटोपाशी थबकला. बापाने विचारले, "मग फोडली कोणी?"

"आमच्या काकूंनी. दगडानं. त्यांचा हात फाटला. मी नुसतं दार उघडून तिला बाहेर घेतलं."

बाप रागावला नाही. रागावला असता, तर मास्तरांना सोपे गेले असते. तो एवढेच म्हणाला, "आम्ही दोघं आभार मानायला तुमच्या घरी येऊन गेलो. आणि त्या बाई तिकडे एकट्याच पट्टी बदलत बसल्या होत्या?"

त्याच संध्याकाळी ते नवरा-बायको मुलीला घेऊन काकूंकडे गेले. मास्तर मागून गेले, चपला काढून दारातच उभे राहिले. मुलीच्या आईने काकूंचा टाक्यांचा हात दोन्ही हातांत धरला. काकू संकोचून सारखे तिला पाणी देत होत्या. मास्तरांनी दारातूनच सगळे सांगितले आणि चुकलो म्हणाले.

काकू म्हणाल्या, "पेनाचं नाव झालं, त्याचं मला काही नाही, मास्तर. तुम्ही रोज दारावरनं गाडी नेलीत आणि एकदाही थांबला नाहीत, त्याचं वाईट वाटलं."

मास्तरांची मान खाली गेली. त्यांच्या खिशात माझीही.

काकूंचे एक बोट पुढेही थोडे ताठच राहिले. जाड कापड त्यांना कापवत नाही. मुलीची आई अधूनमधून येऊन कापून देते. मास्तरांनी भिंतीवरचा फोटो उतरवला. जो विचारेल त्याला ते खरी गोष्ट सांगतात, आणि सांगताना दरवेळी त्यांचे कान लाल होतात. गोगलगाय हे नाव त्यांनी पुन्हा उच्चारले नाही. काकूंचे राहिलेले धडे मात्र त्यांनी स्वतः जाऊन पुरे केले. काकू परीक्षा पास झाल्या. चालवतात अजून हळूच.

मला मास्तरांनी फेकले नाही. त्यांनी लेथवाल्याकडून नवा मणी बसवून घेतला.

मित्रांनो, माझे तुम्हाला एकच मागणे आहे. एखादी वस्तू अडचणीच्या वेळेसाठी घेतलीत, तर तिला तेवढ्याचसाठी राखा. डबीवरच्या छापील शब्दांवर विसंबू नका. अधूनमधून तिला उलटी करून पाहा, वेळ येण्याआधी एकदा वापरून पाहा. आम्हाला तोंड नसते. आमचे काय तुटले आहे, ते आम्ही सांगू शकत नाही. आणि वाहवा चुकीच्या दारी आली असेल, तर तिला लगेच योग्य घर दाखवा. उशीर झाला, की ती फार जड होते.

आता नवे विद्यार्थी आले, की मास्तर त्यांना भंगाराच्या आवारात नेतात. तिथे मोडीत निघालेल्या गाड्या असतात. पहिल्या खेपेला त्यांनी काकूंनाही बोलावले होते. सर्वांनी डोळ्यांवर चष्मे चढवले, हातमोजे घातले. काकूंनी मला डाव्या हातात घेतले, एका जुन्या दाराच्या काचेच्या कोपऱ्यावर टेकवले आणि एकच ठोका दिला. सगळी काच खाली आली. काकूंनी माझे टोक पुसले, मणी जागेवर आहे ना ते पाहिले आणि मला पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती दिले. माझ्याबद्दल कोणी एक शब्द बोलले नाही. मला फार बरे वाटले.